एक इंच एक सूत: बोटीतल्या न्हाणीघराच्या फुटक्या संपाचं प्रकरण

"ताई, तळाचा पंप फार सुटतोय," असं मामांनी सांगितलं तेव्हा बोट पाण्यात उतरून जेमतेम दोन आठवडे झाले होते. म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप फार वेळा सुरू होत होता.

बोट ३६ फुटी, फायबरग्लासची, शिडाची. तीन कुटुंबांनी मिळून घेतलेली, परदेशी बांधणीची आणि आमच्याकडे येईपर्यंत बरेच हात फिरलेली. पावसाळाभर ती किनाऱ्यावर टेकूंवर उभी असते. सप्टेंबरअखेर पाण्यात उतरते आणि मेपर्यंत मुंबई बंदरात बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेली असते. मामा आमचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख. त्यांचं अर्धं आयुष्य मासेमारीच्या बोटींवर गेलं आहे. कुठला पंप किती वेळा सुरू झाला हे त्यांना झोपेतही कळतं.

लाकडी होडीत थोडं पाणी झिरपणार हे धरूनच चालतात. फायबरच्या बोटीचं तसं नाही. तिच्या तळात पाणी दिसलं तर ते कुठून तरी येतंय आणि ते शोधलंच पाहिजे. ऑटोमॅटिक पंप पाणी फेकतोय ना, मग झालं, असं म्हणून पुढे जाणारी माणसं मी पाहिली आहेत. मला त्यांची काळजी वाटते. पंप पाणी फेकतो तोवर भोक लपून राहतं आणि पंप ज्या दिवशी अडकतो त्याच दिवशी ते कळतं.

माझा पहिला संशय शाफ्टच्या ग्लँडवर होता, म्हणजे पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या सांध्यावर, कारण तिचं पॅकिंग पावसाळ्यात बदललं होतं. ग्लँडखाली जुन्या वर्तमानपत्राचा कागद अंथरला. तासाभरानेही तो कोरडा होता. पाण्याखालचे सगळे व्हॉल्व्ह हाताने चाचपले, तेही कोरडे. तेवढ्यात मामांनी तळाच्या पाण्यात तर्जनी बुडवून जिभेला लावलीसुद्धा. "खारं नाही," ते म्हणाले. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळून हात माझ्यापुढे धरला. "बघा, बुळबुळतंय. साबणाचं पाणी आहे हे."

म्हणजे समुद्र आत येत नव्हता, आमचंच अंघोळीचं पाणी बाहेर जात नव्हतं. खात्री करायला न्हाणीघरात बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ओतली आणि मी टॉर्च घेऊन केबिनच्या फळ्यांखाली डोकावत बसले. दोन मिनिटंही झाली नसतील, इंजिनाकडे जाणाऱ्या पन्हाळीतून निळी रेघ सरकत आली.

इथे थोडं थांबून सांगते, कारण बोटीत न राहिलेल्या माणसाला प्रश्न पडेल की मोरीच्या पाण्याला पंप कशाला हवा. घरात ते उतारानं गटारात जातं. बोटीच्या न्हाणीघराची जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली असते. तिथून बाहेर नुसतं भोक पाडलं तर पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्र आत येईल. म्हणून मोरीच्या जाळीखालून एक नळी त्याहून खाली बसवलेल्या प्लास्टिकच्या डब्यात सोडतात. तो डबा म्हणजे संप. त्यात केस अडवणारी जाळी, एक छोटा बुडीत पंप आणि एक फ्लोट स्विच असतो. पाणी चढलं की फ्लोट उचलला जातो, पंप सुरू होतो आणि पाणी वर चढवून बोटीच्या कुशीतल्या, पाण्याच्या रेषेवरच्या तोंडातून बाहेर फेकतो. काही बोटींत हा डबाच नसतो, अंघोळीचं पाणी सरळ तळात सोडलेलं असतं. ते मला अजिबात पटत नाही. संकटाच्या वेळी ज्या पंपावर जीव अवलंबून असतो, त्याला रोज केस आणि साबणाचा मळ भरवायचा नाही.

आमच्या बोटीत नेमकं तेच होत होतं, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

संप जिना उतरल्यावर डाव्या हाताच्या फळीखाली आहे. फळी उचलली तरी झाकणाचे दोनच स्क्रू दिसतात, उरलेले दोन चाचपून काढावे लागतात. माझा हात मनगटापर्यंत आत जातो, मामांचा बोटांच्या पेरांवरच अडतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. काही सोडवण्याआधी मी फोन आत धरून सगळ्या बाजूंनी फोटो काढले. कुठली वायर कुठे जाते, कुठली नळी कुणावरून गेली आहे, हे नंतर आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही.

झाकण उघडलं तर वर राखाडी साय, घट्ट, शिळ्या खिरीवर धरते तशी. तिच्याखाली केसांचा एक गोळा फ्लोटच्या बिजागरीला वेढा घालून बसलेला. साय बाजूला केल्यावर फ्लोट हलला, पंप घरघरला, आणि डब्याच्या बाहेर पडणाऱ्या निपलच्या, म्हणजे नळी चढवायच्या तोंडाच्या, बुडाशी पाण्याचा एक पातळ पंखा उघडला. निपल डब्याला जिथे जुळतं तिथे अर्ध्या वर्तुळाची चीर गेली होती. पंप चालला की अर्धं पाणी वर, अर्धं तळात.

इतपत कळल्यावर नवा डबा मागवून जागेवर बसवता आला असता. मामांचंही तेच म्हणणं होतं, आणि त्यांना घाई होती, कारण पुढच्या शनिवारी दुसऱ्या कुटुंबाची फेरी ठरली होती. पण प्लास्टिक असं कारणाशिवाय गोल चिरत नाही. उन्हात असतं तर म्हटलं असतं, उन्हानं कडक झालं. हा डबा जन्मभर अंधारात होता.

नळी सोडवली तेव्हा कारण हातात आलं.

परदेशी बनावटीच्या अशा संपांवर एक ठरावीक माप फार आढळतं: एक इंच एक सूत. आपल्याकडे हार्डवेअरच्या भाषेत इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, तेव्हा हे माप साधारण साडेअठ्ठावीस मिलिमीटर होतं. मुंबईच्या हार्डवेअर बाजारात, नागदेवी स्ट्रीटला, नळी मागायला गेलं की पाऊण इंची मिळते, एक इंची मिळते, सव्वा इंची मिळते. एक इंच एक सूत म्हटलं की दुकानदार वर बघतो. आधीच्या कुणीतरी सव्वा इंची नळी आणली होती, आत स्टीलच्या तारेचं वेटोळं असलेली. ती निपलवर ढिली झाली, म्हणून निपलवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि वरून दोन होज क्लिपा पान्यानं आवळल्या. एवढंच असतं तरी चाललं असतं कदाचित. पण ती नळी इतकी ताठ होती की वळणावर ती स्वतः वाकेना, डब्यालाच ओढू लागली. डबा ज्या प्लायच्या पाटीवर बसवला होता ती कुजलेली, चारपैकी तीन स्क्रू नुसते भोकात ठेवलेले. म्हणजे डबा पाटीवर नव्हता, नळीवर लटकत होता, आणि प्रत्येक लाटेला त्याच एका निपलवर हिसका बसत होता.

क्लिपांबद्दलही एक निरीक्षण. पट्टी चकचकीत, स्क्रू मात्र गंजून लाल. बाजारात स्टेनलेस म्हणून मिळणाऱ्या कित्येक क्लिपांची फक्त पट्टी स्टेनलेस असते, स्क्रू साध्या लोखंडाचा. तेव्हापासून मी खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवते. स्क्रूला चुंबक खटकन चिकटलं तर ती क्लिप घेत नाही.

आता काय करायचं यावर आमच्यात बराच खल झाला. चीर एपॉक्सीनं भरणं मी पहिल्याच फटक्यात नाकारलं, कारण असल्या प्लास्टिकला एपॉक्सी नीट धरत नाही आणि हा सांधा सतत हलणारा. घट्ट झाकणाचा स्वयंपाकघरातला मोठा डबा घेऊन त्यात पंप बसवणं हा दुसरा मार्ग. बरेच जण तो करतात आणि चांगला करतात. तिसरा मार्ग डबाच काढून टाकायचा: मोरीच्या नळीला सरळ डायफ्रॅम पंप जोडायचा. तो कोरडा चालला तरी चटकन बिघडत नाही आणि पाणी स्वतः ओढून घेतो. मी एकटी बोट वापरत असते तर हाच घेतला असता. पण त्याला बटण दाबावं लागतं, आणि तीन कुटुंबांतली मुलं धरून बारा माणसं ही बोट वापरतात. कुणीतरी बटण दाबायला विसरणार आणि न्हाणीघराचं पाणी उंबरा ओलांडून केबिनमध्ये येणार. म्हणून फ्लोट असलेला तयार संपच मागवला, पारदर्शक झाकणाचा. झाकण न उघडता मळ दिसतो, हा फार मोठा फायदा आहे.

डबा यायला दहा दिवस लागणार होते. तेवढ्यात पाटी केली. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, आय.एस. ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घेतलेला. डब्यापेक्षा दोन्हीकडून बोटभर मोठा कापला. कडांना एपॉक्सीचे तीन हात दिले. प्लाय कुजतो तो कडांतून पाणी पिऊन, चेहऱ्यावरून नव्हे. जुनी पाटी छिनीनं उकलली, खालचं फायबर ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडलं, अॅसिटोननं पुसलं आणि दाट केलेल्या एपॉक्सीवर नवी पाटी दाबून ठेवली. वर पाण्याचे दोन कॅन, रात्रभर.

स्क्रूची लांबी मी स्वतः मोजून घेतली: १६ मिलिमीटर. पाटी १८ ची, शिवाय स्क्रूच्या लांबीतून डब्याच्या कानाची जाडी वजा होते, म्हणजे स्क्रू पाटीच्या पोटातच संपतो. बोटीच्या तळाला स्क्रू लागता कामा नये, हा नियम इतका साधा आहे की माणसं तो गृहीत धरतात आणि हाताला येईल तो स्क्रू लावतात. पाटीखाली फायबरचा एक थर आहे आणि त्याखाली समुद्र.

वायरिंग उकललं तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. पंपाच्या वायरींचा जोड डब्याच्या अगदी खाली, ओल्यात, नुसत्या चिकटपट्टीत होता. बॅटरीवर १२.६ व्होल्ट असताना पंपाशी १०.९ येत होते. बाकीचे त्या हिरव्या पडलेल्या जोडात जात होते. पंप मंद चालायचा, डबा उशिरा रिकामा व्हायचा, म्हणून केस बुडाशी बसायला वेळ मिळायचा. फ्यूज तर १५ अँपिअरचा. केसांनी पंपाचा पंखा अडकला की मोटर जास्त करंट ओढते, अशा वेळी फ्यूज उडालाच पाहिजे. १५ चा उडाला नसता, वायर तापत राहिली असती. नव्या पंपाच्या लेबलावर जेवढा सांगितला होता तेवढाच घातला. लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे) आणि आतून गोंद असलेल्या, तापवल्यावर आवळणाऱ्या हीट श्रिंक स्लीव्ह आणल्या, टिन केलेली तांब्याची वायर वापरली, जोड डब्यापेक्षा वीतभर वर नेऊन टांगला. पंपाशी आता १२.२ मिळतात.

मग डबा आला, आणि इथे माझी चूक झाली.

नव्या डब्याच्या निपलला पायऱ्या होत्या. टोकाला पाऊण इंच, बुडाशी एक इंच एक सूत. जी लागेल ती ठेवायची, पुढची कापून टाकायची. आमच्यातल्या एकानं येताना परदेशातून खरीखुरी एक इंच एक सूत मापाची, आतून गुळगुळीत नळी आणली होती. जुनं माप नेमकं मिळालं याचा मला इतका आनंद झाला की मी दुसरा विचारच केला नाही. नशीब एवढंच की पायऱ्या कापण्याआधी तात्पुरतं जोडून बघावं असं मामांनी सुचवलं. त्यांनी मोठ्या पायरीपर्यंत नळी चढवली, क्लिप हलकी लावली, मी बादली ओतली.

पंप सुरू झाला, पाणी बाहेर पडलं, पंप थांबला. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. चार सेकंदांत तो पुन्हा सुरू झाला. थांबला. पुन्हा सुरू. बादली तर कधीच संपली होती. पारदर्शक झाकणातून दिसत होतं: पंप थांबताच नळीतलं चढलेलं पाणी उलटं डब्यात उतरत होतं आणि फ्लोट उचलत होतं. तेच पाणी वर, तेच पाणी खाली. रात्री असं चाललं असतं तर सकाळपर्यंत पंप जळाला असता किंवा बॅटरी उतरली असती.

मामांनी सुचवलं, उलट न येऊ देणारा व्हॉल्व्ह लावू. बहुतेक जण इथे तेच करतात. मला तो नको होता. त्याच्या पाकळीत केस अडकतात आणि एकदा अडकले की तो ना उघडा ना बंद. शिवाय असा पंप आत हवा राहिली की नुसताच फिरतो. वर पाण्याचा खांब व्हॉल्व्हवर बसलेला असेल तर ती हवा निघायला वाट नसते.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. हा हिशोब खरं म्हणजे आधीच करायला हवा होता. डब्याचा तळ आतून २८ बाय १८ सेंटिमीटर, म्हणजे पाण्याची पातळी १ सेंटिमीटर चढायला साधारण अर्धा लिटर पाणी लागतं. आमचा फ्लोट ५ सेंटिमीटरवर पंप सुरू करतो, २ वर बंद. मधल्या ३ सेंटिमीटरमध्ये दीड लिटर मावतं. डब्यापासून डेकखालच्या वळणापर्यंत नळी २.८ मीटर. एक इंच एक सूत नळीत मीटरला सुमारे ६४० मिलिलिटर राहतं, म्हणजे परत येणारं पाणी १.८ लिटर. दीड लिटरच्या जागेत पावणेदोनहून जास्त परतणार असेल तर फ्लोट उचलला जाणारच. पाऊण इंची नळीत मीटरला सुमारे २८५ मिलिलिटर राहतं. तेवढ्याच लांबीत ८०० मिलिलिटर. पातळी दीडेक सेंटिमीटर चढेल, २ ची साडेतीन होईल, ५ पर्यंत पोचणार नाही.

राहिला प्रश्न पाण्याच्या वेगाचा: बारीक नळीत पंप मागे पडणार नाही ना? पंपावर ताशी ५०० गॅलन लिहिलेलं, म्हणजे जवळपास १,९०० लिटर. हा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मिळणारा. चढण आणि बारीक नळी धरून निम्म्याहून कमी आलं तरी आमचा शॉवर मिनिटाला दहा लिटरसुद्धा देत नाही, ताशी ६०० च्या आत. बादलीनं मोजलं तेव्हा पंपानं मिनिटाला १३ लिटर फेकले. पुरेसं आहे.

तर माप बदललं. नागदेवीत सहज मिळणारी पाऊण इंची नळी, आत कापडाची वीण असलेली आणि आतून गुळगुळीत. पन्हाळीदार नळी स्वस्त आणि वळायला सोपी, पण तिच्या प्रत्येक वळीत साबण धरतो. जुनी नळी उगीच कपाटामागून फिरली होती. ती वाट सरळ केल्यावर लांबी २.१ मीटरवर आली, परत येणारं पाणी ६०० मिलिलिटर. डेकखालचं उंच वळण मात्र तसंच ठेवलं, वर हवेचा व्हॉल्व्ह असलेलं. बोट उजवीकडे कलली की बाहेरचं तोंड पाण्याखाली जातं. हे वळण नसेल तर समुद्र त्याच नळीनं उलटा आत येऊ शकतो. मोठ्या तोंडाला लहान नळी जोडायला तोंडाचं फिटिंगच बदललं. ते पाण्याच्या रेषेच्या वर असल्यामुळे बोट पाण्यात असताना करता आलं.

बोयावर वीज नाही. नळीचं टोक मऊ करायला घरून थर्मासमध्ये उकळतं पाणी आणलं होतं. टोक अर्धा मिनिट बुडवलं, भांड्याच्या साबणाचं बोट फिरवलं आणि नळी निपलवर बिनतक्रार चढली. क्लिप पान्यानं नाही, स्क्रू ड्रायव्हरनं आवळली. पट्टीच्या खाचांतून रबर किंचित फुगू लागलं की हात थांबवायचा. आणि नळीला डब्यापासून वीतभर अंतरावर स्वतःचा आधार दिला, म्हणजे तिचं वजन निपलवर येणार नाही. या सगळ्या कामात तो आधार लावायला सर्वांत कमी वेळ लागला आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा.

डब्याखाली वर्तमानपत्र अंथरून पुन्हा नीळ ओतली, चार बादल्या. पंप चार वेळा सुटला, चार वेळा थांबला आणि थांबलेलाच राहिला. मामा कान देऊन बराच वेळ बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद काढला, एकही निळा ठिपका नव्हता.

तळातल्या मोठ्या पंपाचा फ्लोटही त्याच दिवशी उतरवला. त्यावर साबणाचा तसाच राखाडी लेप होता आणि तो हातानं उचलला तर अर्ध्यावर अडकून राहत होता. गरम पाण्यात लिंबूफूल विरघळवून त्यात तासभर ठेवला, दातांच्या ब्रशनं घासला, तेव्हा मोकळा झाला. म्हणजे महिनाभर आम्ही ज्याच्या भरवशावर खाडी ओलांडत होतो तो स्विच गरज पडली असती तेव्हा उचलला गेला असता की नाही, कुणास ठाऊक. यानंतर त्या फ्लोटला दर फेरीआधी एकदा हातानं उचलून बघायचं असं तिन्ही घरांत ठरलं आहे.

संपाची जाळी महिन्यातून एकदा धुतो. डब्यात सव्वातीन सेंटिमीटर पाणी कायम उभं राहतं, त्याला वास येऊ नये म्हणून शेवटची अंघोळ झाल्यावर तांब्याभर स्वच्छ पाणी ओततो. एक काम बाकी आहे. मोरीच्या जाळीकडून डब्यात येणारी नळी अजून जुनीच आहे, पन्हाळीदार, आणि ती काढायला न्हाणीघराची खालची फळी फोडावी लागेल. ते मे महिन्यात बोट वर चढली की. तिचं माप मी आत्ताच घेऊन ठेवलं आहे.

सव्वा इंची ताठ नळी मामांनी मागून घेतली. त्यांच्या भावाच्या होडीवर बर्फाचं पाणी काढायला ती अगदी बरोबर बसली.